माळावरचे शहामृग

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला उतरत दहिवडी-म्हसवडकडे गेले की पाचशे मिलिमीटरसुद्धा नशिबाचा भाग ठरतो. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचा हा कोरडा पदर माण-खटावातून पुढे आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जतपर्यंत पसरलेला आहे. उघडा मुरूम, गुडघ्याएवढे कुसळी गवत, मधूनच बोर नाहीतर बाभूळ, दूरवर चरणारी मेंढरे. इथले पक्षीही माळाचेच. टिटवी, धाविक, चंडोल यांना घरट्यासाठी झाड लागत नाही. खडीत एखादी खळी पाहून ते अंडी घालतात. एके काळी माळढोकही अशाच उघड्या जमिनीवर एका विणीत बहुधा एकच अंडे घालून बसायचा.

या माळावर शहामृग उभे केले तर ते परके वाटणार नाही. अंगाने माणसाहून उंच, पळायला मोकळी जमीन हवी, पाण्याची फारशी मागणी नाही. हे नुसते कल्पनाचित्रही नाही. पंचवीस-तीस हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रात शहामृगे होती. ती होती हे आपल्याला हाडांमुळे, पिसांमुळे किंवा पाऊलखुणांमुळे कळलेले नाही. त्यांच्या अंड्यांच्या फुटक्या कवचांनी ते सांगितले.

महाराष्ट्रातला हा पुरावा जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे मिळाला. साताऱ्याच्या वाचकाने हे कोयनाकाठचे पाटण समजू नये. हे पाटणे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी आहे. वर पितळखोऱ्याची लेणी, शेजारी पाटणादेवीचे देऊळ. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ काढला होता, आणि त्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. गणिताचा अभ्यासक इथे त्या शिलालेखासाठी येतो, प्रागैतिहासाचा अभ्यासक ओढ्याकाठच्या गाळासाठी. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या आरंभी पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केले. पुढे दायमाबादचे उत्खनन करणारे साळी ते हेच. गाळाच्या थरांवर थर होते आणि त्यांत मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतची दगडी हत्यारे क्रमाने मिळत गेली. उत्तर पुराश्मयुगाच्या थरांत हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांचे तुकडे होते, त्या तुकड्यांपासून केलेले मणी होते आणि एक नक्षी कोरलेला तुकडा होता. कार्बन-१४ पद्धतीने काळ निघाला सुमारे २५,००० वर्षे. हवेतल्या कार्बन-१४ चे प्रमाण तेव्हा आजच्याहून वेगळे असल्यामुळे या आकड्यात दुरुस्ती करावी लागते. ती केली की प्रत्यक्ष वर्षे आणखी चारेक हजारांनी वाढतात.

पक्षी राहत नाही आणि त्याचे कवच राहते, असे का होते, ते नीट पाहण्यासारखे आहे. पक्ष्याची हाडे उडण्यासाठी हलकी झालेली, पातळ भिंतींची, बरीचशी पोकळ. शहामृगाच्या पायाचे हाड दणकट असते खरे, पण उघड्या माळावर मेलेल्या प्राण्याचे हाड तरस-कोल्ह्यांच्या तावडीतून सुटून, उन्हापावसात न फुटता गाळाखाली जाणे हा मोठा योगायोग. शिवाय एका पक्ष्याचा सांगाडा एकच. तीच मादी आयुष्यभरात कितीतरी अंडी घालते आणि प्रत्येक अंड्याचे अनेक तुकडे होतात. त्यात अंड्याचे कवच हे मुळातच खनिज आहे. चुनखडीत जो कॅल्साइट असतो तोच पक्षीण आपल्या शरीरात तयार करते आणि त्याचे स्फटिक प्रथिनांच्या बारीक जाळीवर रचते. हाडाला दगड व्हायला जमिनीत काळ घालवावा लागतो. कवच पहिल्या दिवसापासून दगडच असते. योग्य माती मिळाली तर ते हजारो वर्षे फारसे न बदलता पडून राहते.

शहामृगाच्या बाबतीत कवच जाडही आहे. अंड्याचे वजन साधारण दीड किलोपर्यंत, म्हणजे कोंबडीच्या दोन डझन अंड्यांइतका ऐवज. कवचाची जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास. कोंबडीचे कवच अर्धा मिलिमीटरही भरत नाही. हा फरक मनात ठेवला पाहिजे, कारण जीवाश्मांच्या नोंदीत तो मोठा पक्षपात करतो. धाविकाचे किंवा चंडोलाचे कवच एका पावसाळ्यात मातीत मिसळून जाते. पाटण्याच्या थरांत शहामृगच दिसते म्हणून त्या माळावर दुसरे पक्षी नव्हते असे कोणी म्हणू लागला तर त्याला थांबवले पाहिजे. टिकाऊ कवच घालणाऱ्याचीच दप्तरी नोंद झाली, एवढाच त्याचा अर्थ.

आता असा एक तुकडा हातात घेऊ. अंगठ्याच्या नखाएवढा, पिवळट पांढरा. तो जवळजवळ सपाट वाटतो, कारण इतक्या मोठ्या अंड्याचा एवढासा भाग कितीसा वळणार? पण पट्टीच्या कडेवर ठेवून पाहिला की बाक कळतो. तो बाक मोजून मूळ अंड्याच्या गोलाईचा अंदाज बांधता येतो. बाहेरचे अंग गुळगुळीत, दातासारखी चमक असलेले. त्यावर बारीक ठिपके किंवा उथळ खळगे दिसतात. ती श्वासाची छिद्रे. आतले अंग किंचित खरखरीत. तुकड्याची मोडलेली कड दहापट भिंगाखाली धरली की रचना उलगडते. आतल्या बाजूला शंकूंची रांग, त्या प्रत्येक शंकूपासून स्फटिक वर वाढत गेलेले आणि एकमेकांत गुंतलेले, आणि सगळ्यात बाहेर एक दाट पातळ थर. माणच्या रानात सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यात असली शिस्त नसते. शिंपल्याच्या तुकड्यात थर असतात, पण शंकू नसतात. आम्ल टाकले तर तिन्ही फसफसतात, त्यामुळे आम्लाची परीक्षा इथे कुचकामी आणि वर तुकड्याचे नुकसान करणारी.

आतल्या शंकूंची टोके मला सर्वांत बोलकी वाटतात. पिल्लाला हाडे घडवायला कॅल्शियम लागतो आणि पिल्लू तो कवचाच्या आतल्या अंगातून घेते. पिल्लू वाढत जाते तशी शंकूंची टोके झिजतात, विरघळतात. म्हणून एखाद्या तुकड्याच्या आतली टोके शाबूत असतील तर ते अंडे ताजे असताना फुटले, टोके खाल्ल्यासारखी दिसली तर पिल्लू बरेच वाढलेले होते किंवा बाहेर पडले होते, असा तर्क करता येतो. जमिनीतल्या पाण्यानेही टोके झिजतात, त्यामुळे तपासणाऱ्याला दोन्ही झिजांतला फरक ओळखता यावा लागतो. पण तो ओळखता आला की हा तुकडा माणसाने पळवलेल्या अंड्याचा की पिल्लाने सोडून दिलेल्या घरट्याचा, हा प्रश्न विचारता येतो. हजारो वर्षांपूर्वीच्या एका सकाळी एका अंड्याचे काय झाले याचे उत्तर तिथे सापडू शकते.

छिद्रांची भाषा वेगळी. अंड्याला श्वास घ्यायचा असतो, पण त्याच वाटेने पाणीही उडून जाते. बहुतेक पक्ष्यांची अंडी उबवणीच्या काळात आपल्या वजनाचा सुमारे १५ टक्के भाग वाफेच्या रूपाने गमावतात. फार गेले तर पिल्लू सुकते, फार कमी गेले तर त्याला हवेची जागाच मिळत नाही. म्हणून छिद्रांची संख्या, रुंदी आणि कवचाची जाडी घरट्यातल्या दमटपणाशी जुळलेली असते. ओल्या मातीत पुरलेल्या अंड्याला भरपूर छिद्रे परवडतात. उघड्या, तापलेल्या माळावरच्या अंड्याला हात आखडता घ्यावा लागतो. नर्मदेच्या खोऱ्यात आणि गुजरातेत बालासिनोरजवळ मिळालेली डायनोसॉरची अंडी पुरलेली होती की उघडी, याचा विचारही याच मार्गाने होतो. शहामृगांच्या आजच्या जातींतसुद्धा छिद्रांची मांडणी सारखी नाही. उत्तर आफ्रिकेतल्या शहामृगाचे अंडे हस्तिदंतासारखे तुळतुळीत, तर दक्षिणेकडच्याच्या अंड्यावर छिद्रांचे पुंजके आणि खळगे स्पष्ट दिसतात. नुसत्या छिद्रांवरून जात ठरवण्याचा मोह मात्र आवरावा लागतो, कारण नात्याने दूर असलेल्या पक्ष्यांतही सारखी मांडणी आढळलेली आहे.

मग त्या शहामृगाने काय खाल्ले, हेही कवच सांगते. यासाठी आपल्या शेतातलेच उदाहरण घ्यावे. ज्वारी, बाजरी, ऊस आणि माळावरची बहुतेक उन्हाळी गवते हवेतला कार्बन एका रासायनिक वाटेने पकडतात. गहू, हरभरा, बोर, बाभूळ दुसऱ्या वाटेने. या दोन वाटांत जड आणि हलक्या कार्बनचे प्रमाण वेगळे राहते. पक्षी जे खातो त्याचा ठसा कवचातल्या कार्बनवर उमटतो. कवचातल्या ऑक्सिजनचा संबंध पाण्याशी. शहामृग आपल्या गरजेचे बरेच पाणी वनस्पतींतून मिळवते आणि कोरड्या हवेत पानांतले हलके पाणी आधी उडून जाते, जड मागे राहते. म्हणून कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून हवा किती कोरडी होती ते काढता येते. हाडात वर्षानुवर्षांची सरासरी साठते. कवच मात्र दोनेक दिवसांत तयार होते, त्यामुळे त्यात त्या विणीच्या दिवसांतलेच अन्न आणि पाणी नोंदलेले असते. पावसाळ्याचा इतिहास लिहिणाऱ्याला याहून नेमकी दैनंदिनी क्वचितच मिळेल.

पाटण्याचा काळ आणि पृथ्वीवरचा शेवटचा मोठा हिमकाळ यांत फार अंतर नाही. त्या हिमकाळात भारतात बर्फ पसरले नव्हते, पण मोसमी पाऊस आजच्याहून अशक्त झाला होता. आज जो कोरडा पट्टा सह्याद्रीच्या सावलीत अडकून आहे, तसा मुलूख तेव्हा अधिक विस्तारलेला असणार. खानदेशातले शहामृग या चित्रात चपखल बसते.

शहामृगाच्या कवचांचे तुकडे भारतात इतरत्रही मिळाले आहेत. उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात केन नदीकाठी ते एकोणिसाव्या शतकातच सापडले होते. राजस्थानात कोट्याजवळचे चंद्रेसल, थरच्या वाळवंटातले काटोती, मध्य प्रदेशात विष्णू श्रीधर वाकणकरांमुळे जगाला ठाऊक झालेले भीमबेटका, अशी ही यादी वाढत गेली. तरीही एक शंका उरायची. ही कवचे खरोखर शहामृगाचीच, की तशाच दिसणाऱ्या कुठल्या नष्ट झालेल्या पक्ष्याची? याचे उत्तर हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतून २०१७ मध्ये आले. राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या कवचांतून तिथल्या संशोधकांनी, त्यांत नीरज राय आणि कुमारसामी थंगराज होते, प्राचीन डीएनए मिळवला. उष्ण देशात डीएनए झपाट्याने तुटतो, म्हणून आपल्याकडच्या जुन्या हाडांकडून फारशी आशा नसते. कवचात मात्र तो कॅल्साइटच्या स्फटिकांत बंदिस्त होतो. पाण्याला आणि जिवाणूंना तिथे सहज शिरकाव नाही. मिळालेला डीएनए आफ्रिकेतल्या शहामृगाशी, स्ट्रुथिओ कॅमेलसशी, जुळला.

या निष्कर्षाबरोबर अशीही चर्चा झाली की भारत आणि आफ्रिका एकेकाळी गोंडवन खंडात जोडलेले होते, आणि शहामृग हे त्या जुन्या जोडणीचे फळ. इथे मी सहमत नाही. भारताचा तुकडा मादागास्करपासूनही सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी सुटला. शहामृगांचे सर्वांत जुने ओळखीचे जीवाश्म नामिबियातले, जेमतेम दोन कोटी वर्षांपूर्वीचे. शहामृग नावाचा पक्षी घडला तेव्हा भारत आशियाला येऊन भिडलेला होता. त्यामुळे आफ्रिकेतून अरबस्तानमार्गे कोरड्या माळांच्या पट्ट्यातून पिढ्यान् पिढ्या पूर्वेकडे सरकत ते आले, हे मला कितीतरी अधिक पटते. पाय तर त्यांना होतेच.

कवचांनी पक्ष्यांबद्दल इतरत्र जे सांगितले ते ऐकले की आपल्याकडच्या तुकड्यांतून काय काय निघू शकेल याचा अंदाज येतो. न्यूझीलंडमधले मोआ हे प्रचंड पक्षी माणूस तिथे पोचल्यावर थोड्याच शतकांत संपले. त्यांच्या काही अंड्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून संशोधकांनी २०१० मध्ये डीएनए खरवडला, तर तो नराचा निघाला. म्हणजे अंडी नर उबवत होते. मोआची मादी नराहून कितीतरी जड आणि कवच मात्र अंगाच्या मानाने पातळ, त्यामुळे हलक्या नरानेच बसणे भाग होते असे दिसते. घरसंसाराची वाटणी अशी कवचाच्या पाठीवरून वाचली गेली. ऑस्ट्रेलियात जेनिओर्निस नावाचा उडू न शकणारा मोठा पक्षी होता. त्याची म्हणून ओळखली जाणारी जळकी कवचे शेकडो ठिकाणी मिळाली. एका टोकाला काळी पडलेली, दुसऱ्या टोकाला न जळलेली. वणव्यात अंडे सरसकट भाजते. अशी एका बाजूने भाजलेली कवचे चुलीजवळ फेकलेली असावीत, म्हणजे माणसाने अंडी शिजवून खाल्ली, असा निष्कर्ष २०१६ मध्ये मांडला गेला. मग वाद उभा राहिला की ही कवचे जेनिओर्निसची नसून दुसऱ्याच पक्ष्याची आहेत. तो वाद २०२२ मध्ये कवचातल्या प्रथिनांवरून मिटला आणि कौल जेनिओर्निसच्या बाजूने लागला. प्रथिने डीएनएहूनही चिवट. टांझानियातल्या लाएटोलीच्या शहामृगाच्या कवचात ती ३८ लाख वर्षांनंतरही मिळाली आहेत.

पाटण्याच्या माणसाने या कवचाचा उपयोग ओळखला होता. मणी करायचा तर आधी तुकडा खुडून साधारण गोल करायचा, गारगोटीच्या टोकदार पात्याने मध्ये भोक पाडायचे, मग अनेक तुकडे एका दोऱ्यात ओवून खरखरीत दगडावर कडा घासायच्या की सगळे एका मापाचे होतात. आफ्रिकेत ही रीत आजपर्यंत चालत आलेली आहे. पाटण्यात पुरे झालेल्या मण्यांबरोबर अर्धवट सोडलेले कामही आहे, त्यामुळे मणी इथेच केले जात होते हे दिसते.

कोरलेल्या तुकड्यावर समांतर रेषांनी आखलेल्या पट्ट्या आहेत आणि त्यांत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी. भारतातल्या कवचांवर अशा रेषा बऱ्याच ठिकाणी दाखवल्या गेल्या होत्या. प्रागैतिहासिक कलेचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी त्या भिंगाखाली तपासल्या तेव्हा बहुतेक रेषा वनस्पतींच्या मुळांनी कवच विरघळवून उमटवलेल्या निघाल्या. मूळ जिथून जाते तिथे आम्ल सोडते आणि कवचावर नागमोडी चरा पडतो. तो गोल बुडाचा असतो, दगडी पात्याचा चरा धारदार. पाटण्याचा तुकडा या परीक्षेत माणसाच्या हातचा ठरला. पुरातत्त्वज्ञ पॉल मेलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ही नक्षी दक्षिण आफ्रिकेतल्या कोरीव कवचांशेजारी ठेवून दोहोंत परंपरेचा धागा दाखवण्याचा प्रयत्न केला. तिथल्या डीपक्लूफ गुहेतली कवचे सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीची आणि पाण्याच्या कुप्या म्हणून वापरलेली. मधले अंतर हजारो किलोमीटरचे आणि तीस हजार वर्षांचे. तिरप्या रेषांची जाळी कुठल्याही हाताला सुचू शकते, म्हणून एवढ्यावर तो धागा ताणणे मला धाडसाचे वाटते. पाटण्याच्या तुकड्याचे मोल त्याने कमी होत नाही.

आता पुन्हा सातारा-सांगलीकडे. इथल्या डोंगरांचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. दख्खनच्या ज्वालामुखी थरांतल्या सर्वांत मोठ्या गटाला भूशास्त्रज्ञांनी वाईचेच नाव दिले आहे. शहामृगाचा काळ त्यामानाने कालपरवाचा, तेव्हा कडेकपारीत त्याला शोधण्यात अर्थ नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा जांभाही वगळावा. इतक्या पावसात धुतली गेलेली लाल माती आम्लधर्मी असते आणि तिच्यात कॅल्साइट टिकत नाही. कास पठारावर शहामृगाने हजार अंडी घातली असती तरी आज एक तुकडा उरला नसता.

पूर्वेकडची गोष्ट निराळी. माणगंगा, येरळा, अग्रणी या नद्यांच्या काठी जुन्या गाळाचे आणि वाळूगोट्यांचे थर आहेत आणि कोरड्या हवेमुळे मातीत चुनखडीचे खडे धरलेले आहेत. पाऊस कमी, माती अल्कधर्मी, म्हणजे कवच टिकायला हवे तेच सारे. विदर्भ-खानदेशापासून राजस्थानापर्यंत जिथे कवचे मिळतात किंवा मिळावीत असे वाटते, तिथे हाच संयोग असतो. पाहायचे ते नदीने कापलेल्या उभ्या दरडीत, ओढ्याच्या घळीत, नव्या विहिरीच्या खोदाईत काळी माती संपून चुनखडीमिश्रित पिवळट गाळ लागतो तिथे. त्याच पातळीवर गारगोटीची बारीक पाती मिळू लागली तर डोळे अधिकच उघडे ठेवावेत.

आणि तसा पिवळट, दोन मिलिमीटर जाड, किंचित बाक असलेला तुकडा दिसलाच, तर तो लगेच उपसून खिशात घालू नये. आधी जागेवर असतानाच फोटो काढावा, शेजारी मापासाठी नाणे ठेवून. वरच्या जमिनीपासून किती खोलीवर आहे आणि कोणत्या थरात आहे ते लिहून घ्यावे. तुकडा धुऊ नये, आम्ल लावू नये, शक्य तो उघड्या बोटांनी हाताळू नये, कारण पुढे डीएनए काढायचा तर आपल्या हाताचा डीएनए त्यात मिसळलेला चालत नाही. कोरड्या कागदात गुंडाळून, त्यावर गाव आणि गट नंबर लिहून, पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या पुरातत्त्व विभागाकडे कळवावे. थराची नोंद नसलेला तुकडा फक्त इथे शहामृग होते एवढेच सांगेल. नोंद असलेला तुकडा ते कधी होते, काय खात होते, त्या वर्षी पाऊस कसा होता आणि त्याचे अंडे कोणी फोडले, हेही सांगू शकेल.